हातावरचा पांढरा चौकोन

धाकटीने फोनवर विचारलं, "आजी, फोटोत नवरीचे गाल इतके लाल का आहेत?" आणि थोरल्याने विचारलं, "तू त्या बाईचं मनगट का धरलंयस? भांडण झालं का?" मी सांगायला लागले तर माझा आवाज चढला, तुमचा बाबा मागून म्हणाला, "आई, बीपी," आणि विषय तुमच्याकडच्या थंडीवर गेला. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. ते लिहून पाठवते. लिहितानाही मला राग येणार आहे, पण कागदावर मध्ये कुणी बोलत नाही.

नवरी म्हणजे असोद्याच्या माझ्या चुलत जावेची नात. तुम्ही लहान असताना त्यांच्या केळीच्या बागेत गेला होतात. थोरला ठिबकच्या नळीला अडखळून पडला, तेव्हा त्याला कडेवर घेऊन हसवणारी शिडशिडीत, सावळी मुलगी ती. गेल्या हिवाळ्यात तिचं धुळ्याला ठरलं. मुलगा शिक्षक आहे, घर चांगलं आहे, मुलीलाही तो आवडला होता. साखरपुडा झाला आणि कुणीतरी म्हणालं, "जोडा शोभतो, पण पोरगी जरा दबते." म्हणजे रंगाने. हे मुलाकडचं कुणी म्हणालं की आपल्यातलंच, याचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. पण तेवढ्या एका वाक्यावर पार्लरवाली घरात आली.

मला हे ठाऊक नव्हतं. चैत्रात मी बिबडे करायला असोद्याला गेले. लग्नघरी ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, लागतात. शिजवलेला घाटा ओल्या कापडावर थापून गच्चीवर वाळवायचा, आणि त्याला घरच्या नि शेजारच्या सगळ्या बायका लागतात. गच्चीवर गेले तर पाहते, प्रत्येकीच्या हाताला आतल्या बाजूने पातळ प्लास्टिकचा तुकडा चिकटपट्टीने लावलेला. केळीच्या घडाला घालतात त्या पिशवीचा तुकडा.

"काय गं, सगळ्यांना एकदम विंचू चावला की काय?" मी विचारलं.

हशा पिकला. जाऊ म्हणाली, "विंचू नाही अक्का, टेस्ट आहे. पार्लरवाली सांगून गेली. थोडं क्रीम लावायचं, वर पिशवीचा तुकडा, आन् दुसऱ्या दिवशी काढून पाहायचं. जिची जागा पांढरी पडली तिले क्रीम मानवलं."

"माझी पाहा, कापसासारखी!" एकीने पट्टी सोडून हात पुढे केला.

"आन् हिची काहीच नाही. म्हशीची कातडी!"

"घरी जाऊन तुझ्या सासूले सांग, म्हैस कोन ते."

त्या हसत होत्या आणि माझे हात घाट्यात तसेच राहिले. त्या बाईच्या हातावर सावळ्या कातडीत एक फिकट चौकोन उठला होता, कडा अगदी रेखीव. तो चौकोन मी ओळखत होते.

तुमच्यापैकी कुणाला हे सांगितल्याचं आठवत नाही, म्हणून सांगते. लग्नाआधी मी एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी करत होते. कातडीला लावायची स्टेरॉइडची मलमं तिथे तपासली जात. स्टेरॉइड हे जोरकस औषध आहे. इसब, सोरायसिस अशा आजारांत त्याच्यासारखा आधार नाही. माझ्या घोट्यावरच्या इसबाला मी तेच लावते. पण त्याचे जोर वेगवेगळे असतात. एक इतकं सौम्य की पापणीलाही चालावं, दुसरं इतकं तिखट की तळपायाच्या जाड कातडीवरही थोडेच दिवस लावावं. कोणतं किती जोराचं, हे कळायला एक साधी युक्ती आहे. हाताच्या आतल्या बाजूला चौकोन आखायचे, प्रत्येकात वेगळं मलम तेवढंच लावायचं, प्लास्टिकने झाकायचं, काही तासांनी पुसून टाकायचं आणि मग पाहायचं. मलम जितकं जोराचं, तितका चौकोन पांढरा. कारण ते कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं, रक्त मागे हटतं आणि तेवढी जागा फिकी दिसते. दिवसभरात पुन्हा पूर्वीसारखी होते. कोणत्या चौकोनात काय आहे हे पाहणाऱ्याला सांगत नसत, म्हणजे मन फसवणार नाही. पाहणाऱ्यांत मी होते. सावळ्या कातडीवर हा फिकेपणा ओळखणं अवघड जातं, खिडकीचा तिरपा उजेड लागतो, आणि ते मला बरं जमायचं. शून्य, एक, दोन, तीन असे गुण द्यायचे.

म्हणजे आम्ही ज्याला औषधाच्या जोराचं माप म्हणत होतो, ते माप घेऊन ही बाई गावोगाव फिरत होती आणि सांगत होती की हा गोरेपणा आहे. मला प्रथम राग आला तो या हुशारीचा. तिला खोटं बोलावंही लागत नव्हतं. चौकोन खरोखर पांढरा पडतच होता.

"नवरी कुठे आहे?" मी विचारलं.

"खाली. उन्हात येत नाही ती आता," जाऊ म्हणाली. "पार्लरवालीनं सांगितलं, ऊन वर्ज्य."

मी खाली गेले. मुलगी पंख्याखाली बसली होती, तोंडाला ओढणी. सोडायला लावली. गालांची कातडी पातळ, ताणलेली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी चकाकणारी. तिच्याखाली लाल रेषांचं जाळं. हनुवटीवर बारीक पुटकुळ्या आणि कानांपुढे नवी लव.

"आग होते का?"

ती दाराकडे पाहून हळूच म्हणाली, "चुलीपाशी बसवत नाही आजी. सुरुवातीला लावलं की छान उजळ दिसायचं. आता तेवढं दिसत नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ लावते. पार्लरच्या ताईंनी आता दुसरी डबी दिलीय, जास्त पॉवरची."

"आणि एखाद दिवस नाही लावलं तर?"

"तोंड असं सुजतं की कॉलेजात कुणी ओळखणार नाही."

हेही मला ठाऊक होतं. रोज रोज लावलं की रक्तवाहिन्या दाद देईनाशा होतात, पांढरेपणा उतरतो, माणूस जास्त लावतो. आणि थांबवलं की त्याच वाहिन्या सैल सुटतात आणि तोंड पेटतं. पेटलेलं तोंड पाहून माणूस पुन्हा डबीकडे धावतो. लग्न वैशाखात होतं. ही मुलगी त्या चाकात बसली होती आणि घरातली सगळी माणसं मायेने चाक फिरवत होती.

जावेला सांगितलं तर ती चिडली. "अक्का, तुमचं शिक्षण मोठं, मी नाही म्हनत नाही. पन डबीवर लिहिलं आहे केशर-चंदन. आयुर्वेदिक आहे ते. आन् समजा असंन काही, तर लगीन होऊ द्या. मंग बंद करू. लाल तोंड घेऊन पोरगी बोहल्यावर उभी करू का? धुळ्याचे लोक काय म्हनतील, फसवलं म्हनतील. मोडलं तर तुम्ही जुळवून देनार?"

तिचा शेवटचा प्रश्न मला लागला आणि मी जास्तच भडकले. मोठ्याने काहीबाही बोलले. मग वाटलं, ओरडून इथे कुणी ऐकणार नाही. या घराचा विश्वास हातावरच्या चौकोनावर आहे ना, मग चौकोनच दाखवावा. लग्नाच्या साड्यांचं निमित्त काढून मी मुलीला डबीसकट जळगावला माझ्या घरी घेऊन आले.

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर मी चार वस्तू मांडल्या. माझ्या घोट्याच्या इसबाची जोराची ट्यूब. डासांच्या गांध्यांवर लावते ती अगदी सौम्य ट्यूब. खरं चंदन-केशर घातलेलं साधं क्रीम. आणि तिची डबी. माझ्या हातावर चार चौकोन आखले आणि मुलीला म्हटलं, "मी तोंड फिरवते. कशात काय लावायचं ते तू ठरव, मला सांगू नकोस." तिने मन लावून लावलं. वर मी प्लास्टिक चिकटवलं. ती म्हणाली, "आजी, आमच्या गच्चीवरचंच झालं की हे." मी म्हटलं, "तेच आहे. फक्त आज खरा प्रश्न विचारतोय."

सकाळी पट्ट्या काढल्या, हात पुसला आणि चहा होईपर्यंत थांबले. मग पूर्वेच्या खिडकीशी हात तिरपा धरला. म्हातारी कातडी, तिच्यावर डाग, पण इतक्या वर्षांनीही डोळा विसरला नव्हता. "मनगटाजवळचा शून्य," मी म्हटलं. "त्याच्या वरचा, जेमतेम एक. हे कोपराजवळचे दोन्ही तीन. यांच्यात मला फरक दिसत नाही."

ती कपाटाला टेकून उभी होती. "मनगटाजवळ चंदन-केशर होतं," ती म्हणाली. "मग डासांचं. आणि कोपराजवळ एक तुमची इसबाची ट्यूब..." ती थांबली. "आणि एक माझी डबी."

"हं."

"म्हणजे मी रोज तोंडाला तुमच्या पायाचं औषध लावत होते?"

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. तिला मात्र दोन्ही आलं नाही. तिने डबी उचलली, झाकण लावलं आणि विचारलं, "हे पांढरं संध्याकाळपर्यंत जाईल?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग हे गोरं होणं नव्हतंच."

त्याच दिवशी तिला घेऊन कातडीच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर तरुण बाई आहेत. डबी पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणे आठवड्याला अशा कितीतरी डब्या येतात, लेबल निराळं आणि आतला माल तोच. त्यांनी स्पष्ट सांगितलं की जोर हळूहळू उतरवावा लागेल, मधल्या काळात तोंड लाल होणार, जळणार, आणि पूर्ववत व्हायला बरेच महिने लागतील. ऊन, वाफ, साबण, उटणं, हळद यांतलं काहीही चेहऱ्याला लागू द्यायचं नाही.

"लग्न आहे हिचं," मी म्हटलं.

"मग हळद पायाला लावा," त्या म्हणाल्या.

तिथून मी मुलीला घरी सोडलं आणि तडक त्या डबीवालीच्या पार्लरमध्ये गेले. बाहेर पाटी होती, 'मोफत टेस्ट'. आत एक चुणचुणीत बाई, बोलणं गोड. मी बाही वर करून हात तिच्यापुढे धरला. चौकोन अजून दिसत होते.

"वा काकू, छान रिझल्ट आलाय तुम्हाला," ती म्हणाली.

"हा रिझल्ट स्टेरॉइडचा आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही असं औषध तू असोद्याच्या आमच्या नातीला चंदन-केशर म्हणून विकलंस."

गोड आवाज तसाच राहिला. "काकू, मी कुणाच्या घरी बोलावल्याशिवाय गेले नाही. पोरींना गोरं व्हायचंय, ते मी शिकवलं का त्यांना? तुमच्या असोद्याच्या लोकांनीच फोन केला होता, मुलगी दबते म्हणून. आणि माल मी बनवत नाही. मला वरून येतो."

"वरून म्हणजे कुठून?"

"ते तुम्हाला कशाला?"

खुर्चीत तोंडाला लेप लावून बसलेली गिऱ्हाईक डोळे मिटूनच म्हणाली, "मावशी, तुमचं वय झालं, तुम्हाला काय कळणार? आमची लग्नं व्हायचीत अजून."

मी बाहेर आले. औषध विकणाऱ्या बाईचा राग होताच; पण तिने जे सुनावलं ते खोटं नव्हतं, याचा राग जास्त होता. फोन आमच्याच घरातून गेला होता. औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या कचेरीत मी डबीसह रीतसर तक्रार दिली. तिथल्या माणसाने डबी हातात घेऊन उलटी करून पाहिली आणि विचारलं, "बिल आहे का?" असल्या डबीचं बिल! अजून त्याचं काही झालेलं नाही, आणि पाटी अजून तिथेच आहे.

आता मुलगी. तिने डबी बंद केली, डॉक्टरांनी दिलेल्या मलमाने जोर उतरवत गेली, आणि त्या म्हणाल्या तेच झालं. चेहरा पेटला. रात्रंदिवस थंड पाण्याच्या घड्या. जाऊ माझ्याशी बोलेना. मी म्हटलं, धुळ्याला आपण होऊन सांगावं. ती म्हणाली, "तुम्ही मधी पडू नका. तिच्या तोंडावर जाड मेकअप बसवू, कोनाले कळत नाही." मुलगी दोघींच्या मध्ये बसून घड्या पिळत होती. तिने धुळ्याच्या मुलाला सांगितलं का, हे तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दिवस हळदीपर्यंत येऊन ठेपले.

तुम्हाला आपली पद्धत कदाचित ठाऊक नसेल. आधी नवऱ्या मुलाला हळद लावतात आणि त्याची उरलेली, उष्टी हळद नवरीकडे येते. ती लावायला मुलाची आत्या धुळ्याहून आली. धिप्पाड, हसरी बाई, हातभर बांगड्या. मंडपात पाटावर नवरी, डोक्यावरून पदर पुढे ओढलेला. आमच्या बायका पाय, हात, खांदे करत होत्या आणि तोंडाला कुणी जात नव्हतं. आत्याच्या ते लक्षात आलं. तिने मूठभर हळद घेतली आणि पदरात हात घालू लागली. "हाई नवरदेवनी हळद शे," ती तिच्या अहिराणीत म्हणाली, "ही तर तोंडलेच लावनी पडी!"

आणि मी तिचं मनगट धरलं.

थोरल्या, तू विचारलेला फोटो हा. फोटोग्राफरने नेमका तेव्हाच काढला. वाजंत्री थांबली. आत्या माझ्याकडे बघतच राहिली. "काय व्हयनं वं अक्का? आमनी हळद बाटेल शे का?"

जाऊ मागून म्हणाली, "अक्का, सोडा. पाया पडते, सोडा."

कोणता शब्द उच्चारला तर हे लग्न टिकेल, हे मला माहीत नव्हतं. तेवढ्यात नवरीने स्वतःच पदर मागे केला. सगळा मंडप पाहत होता. गाल तांबडेलाल, पापण्या सुजलेल्या. ती आत्याला म्हणाली, "आत्याबाई, तोंड जळतं माझं. गोरी दिसावी म्हणून क्रीम लावत होते. ते वाईट निघालं. आता बंद केलंय. असंच दिसणार आहे काही महिने. तुमच्या भाच्यांना मी सांगितलंय, घरात सांगायचं त्यांच्यावर सोडलं होतं."

मी अजून आत्याचं मनगट धरून होते, आणि खाली पाहिलं तर माझ्या अंगठ्याशेजारी, हळदीच्या ओघळाखाली, तिच्या हाताच्या आतल्या बाजूला एक फिकट चौकोन होता. रेखीव कडांचा. ताजा.

"हे काय?" मी हळू आवाजात विचारलं.

ती गडबडली. हात सोडवून घ्यायला लागली, मग तिचं लक्ष नवरीच्या चेहऱ्याकडे गेलं आणि पुन्हा स्वतःच्या हाताकडे. "ही तर टेस्ट शे," ती म्हणाली. "आमनाकडे बी एक बाई येस. लगीनना करता बठ्ठ्यासनी करी." म्हणजे लग्नासाठी घरातल्या सगळ्यांनीच ती केली होती. मग आवाज आणखी खाली आणून, "हाईच शे का ते?"

"हेच."

तिने मूठ उघडली. हळद परत वाटीत पडली. वाटीतून तिने बोटाने थोडी घेतली, खाली वाकली आणि नवरीच्या पायांच्या अंगठ्यांना लावली. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वाजाडा रे! पायले लावी तरी हळदच शे ना!" वाजंत्री सुरू झाली. माझ्या जावेने डोळ्यांना पदर लावला. रागाने की सुटकेने, मी विचारलं नाही.

जेवणं झाल्यावर आत्या मला शोधत स्वयंपाकघरात आली. हात पुढे करून उभी राहिली, डॉक्टरपुढे उभं राहावं तशी. "अक्का, हाई पांढरं जाई का?"

"उद्यापर्यंत जाईल. एकदा लावल्याने काही होत नाही. तोंडाला लावलंत का?"

तिने हात मागे घेतला. मग म्हणाली, "मी नही. मनी पोर लावस. बारावीले शे ती."

तिचं मी पुढे काय सांगू? मी तिला आमच्या डॉक्टरांचा पत्ता दिला, आणि पुन्हा अशी चिडले की ती बिचारी घाबरून दोन पावलं मागे सरली. तिची स्वतःची मुलगी, बारावीची! हातावर चौकोन उठवून घराघरांत जोराची तपासणी चालली आहे, आणि कुणी विचारत नाही की कशाचा जोर.

नवरी धुळ्याला नांदते आहे. चेहरा अजून पूर्ण बरा नाही. चुलीपाशी उभी राहिली की तांबडा होतो. लग्नाचे फोटो आले तेव्हा फोटोग्राफरने सगळ्या फोटोंत तिचे गाल पांढरेशुभ्र करून दिले होते, कुणी न सांगता. तिने फोन करून मुळातले फोटो मागवून घेतले. म्हणाली, "आजी, त्या पांढऱ्या फोटोतली मी नाही." तुम्हाला पाठवला तो त्या मुळातल्यांपैकी. धाकटे, म्हणून तिचे गाल लाल आहेत.